सेक्शन मोकळा

इंजिनाला चढ सोसत नाही.
हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं,
लँचेस्टरच्या बाहेर, सायकल शिकताना,
जिथे रूळ उचलून नेल्यावर
मागे राहिलेल्या पट्टीवर बारीक खडी दाबून बसवलीये.
टेकड्या कापून, ओढ्यांवर भराव घालून
कुणीतरी शंभर-दीडशे वर्षांमागे
जमिनीची इतकी समजूत काढली
की आज माझे गुडघे कुरकुरत नाहीत.
कोळशाच्या वाघिणींसाठी केलेली माया
मला आयती मिळाली.

कॉन्सेटपर्यंत चढच आहे,
पण चढ आहे हे कळतं परतताना,
पायडल न मारताच स्टेशन मागे पडतं तेव्हा.
स्टेशन म्हणजे आता कुणाचं तरी घर.
प्लॅटफॉर्मच्या कडेला टोमॅटोच्या कुंड्या,
दोरीवर वाळत घातलेले मोजे,
तिकिटाच्या खिडकीत मांजर.

विल्फ हेडली फाटकापाशी भेटायचे.
इंग्रजीत सगळ्यांना एकच यू,
मी मनातल्या मनात अहो-जाहो करायचे.
एक्क्याऐंशी वय, हातात हेझलची काठी.
वाट ओलांडण्याआधी थांबायचे,
उजवीकडे बघायचे, मग डावीकडे,
मग पुन्हा उजवीकडे.
साठ वर्षांत इथून गाडी गेलेली नाही.
"लेट असू शकते," म्हणायचे.

सोळाव्या वर्षी ते सिग्नलच्या केबिनमध्ये पोऱ्या होते,
टोल ऐकून वहीत टिपायचे.
मी सवयीनं घंटी वाजवली, ट्रिंग ट्रिंग,
तर त्यांनी फाटकावर काठीनं उत्तर दिलं:
टक टक. जरा थांबून, टक.

अर्थ पुढे कधीतरी सांगितला.
एक टोल: लक्ष आहे का?
दोन: गाडी सेक्शनमध्ये शिरली.
दोन, आणि थांबून एक: बाहेर पडली, मोकळं.
सहा: अडथळा. सगळं थांबवा.
"सहा मी एकदाच ऐकले," म्हणाले,
आणि थर्मासचं झाकण
लागलं होतं तरी परत लावलं.
मी पुढचं विचारलं नाही.

आमच्या आजऱ्याला रेल्वे कधी आलीच नाही,
त्यामुळे ती गेलीही नाही.
गेलेल्या गाडीबद्दल काय वाटायचं असतं
ते मला दुसऱ्याकडून शिकावं लागलं,
सायकलसारखंच, पडत-झडत, उशिरा.

मार्चमध्ये मुलीनं त्यांना व्हिटबीला नेलं.
तिथे घरात जिना नाही, आणि समुद्र दिसतो, म्हणे.
फाटकापाशी मी दोनदा वाजवली.
काही नाही. एक कबूतर उठलं,
आणखी लांबच्या फांदीवर बसलं.
मग लक्षात आलं: त्यांच्याच नियमानं
पलीकडून कुणी "बाहेर पडली" म्हणत नाही
तोवर गाडी आतच धरायची.
म्हणजे मी निट्सलीला चहा प्याले,
सोमवारी कामावर गेले, भांडी घासली,
पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरची वेळ घेतली,
आणि वहीत मी अजून सेक्शनमध्येच.

काल समोरून एक पोरगं आलं,
चार-पाच वर्षांचं, मागच्या चाकाला दोन टेकूची चाकं.
घंटी नवी, तेव्हा ती थांबणार कशी.
मी मोजत गेले. चार. पाच.
सहा ऐकले
आणि सायकलसकट ब्लॅकबेरीच्या काट्यांत शिरले.
आई ओशाळली, सॉरी सॉरी म्हणत राहिली.
पोरगं नाही ओशाळलं.
ते थोडं पुढे जाऊन थांबलं,
मान वळवून माझ्याकडे बघितलं,
आणि एकदाच वाजवली.

अंगठ्यातला काटा निघत नव्हता.
तोच अंगठा मी घंटीवर ठेवला.